तळं बघायला निघालेलं बोचकं

डोंगराच्या पायथ्याशी एक पेठेचं गाव होतं. तिथे भिकूशेठ नावाचा तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापारी राहत होता. माणूस सज्जन, पण भारी काळजीखोर! त्याच्या बायकोचं, सगुणाबाईचं, एकच मागणं होतं. वर डोंगरांच्या मधोमध एक मोठं तळं होतं, ते पायी जाऊन बघायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती म्हणत होती आणि शेठजी "बघू पुढच्या वर्षी" म्हणत होते. आता तिचे गुडघे कुरकुरू लागले.

"अहो, यंदा नाही तर कधीच नाही!" एक दिवस तिने ठणकावून सांगितलं आणि स्वतःच कामाला लागली. वाटसरूंना विचारून विचारून तिने बेत आखला. आधी देवळाची धर्मशाळा, मग लेणी, मग धबधबा, तिथून वर तळं. पायांना सवय व्हावी म्हणून ती रोज सकाळी नदीपर्यंत चालून येऊ लागली.

शेठजींनीही तयारी केली. हंडा घेतला, परात घेतली, खलबत्तासुद्धा घेतला आणि सगळ्याचं मोठं बोचकं बांधलं. "असू दे गं, लागेल!"

"अहो, आपण तळं बघायला चाललोय की संसार थाटायला?"

पण ऐकतील ते शेठजी कसले! हमालही करेनात. माझी भांडी परक्याच्या डोक्यावर? छे!

निघाले दोघं. धर्मशाळेत आयतं जेवण मिळालं. लेणी सगुणाबाईने एकटीनेच बघितली, कारण शेठजी बाहेर बोचकं धरून बसले होते. धबधबा तर त्यांनी नुसता लांबून ऐकला. सांगा आता!

शेवटी खडी चढण आली. शेठजींना पाऊल उचलवेना. "चल, मागे फिरू," ते धापा टाकत म्हणाले. "तळं काय, पुढच्या वर्षीही असेल."

"तळं असेल हो, माझे गुडघे नसतील! ते बोचकं ठेवा झाडाखाली आणि चला."

"आणि माकडांनी नेलं तर?"

सगुणाबाईने पदर खोचला. "मग बसा राखत. मी निघाले."

गुडघे ठणकत होते. वाटेत ती दोनदा मटकन खाली बसली, डोळ्यांत पाणी आलं, पण मागे काही फिरली नाही.

उन्हं कलल्यावर ती खाली उतरली, तेव्हा चेहरा नुसता फुलला होता.

"बघ, एक चमचाही हरवला नाही!" शेठजी ऐटीत म्हणाले. मग जरा वेळाने हळूच विचारलं, "कसं होतं गं तळं?"

सगुणाबाईला रागही आला आणि त्यांची कीवही आली. "अहो, सांगून कळण्यासारखं असतं, तर मी एवढी चढण चढले असते का?"

शेठजींनी मान वर करून डोंगराकडे बघितलं. पण आता अंधारून येत होतं. त्यांनी बोचकं उचललं आणि दोघं परतीच्या वाटेला लागले.

तात्पर्य: 'लागेल, लागेल' म्हणून घेतलेलं ओझं आपल्याला हवं असतं त्याच्याच आड येतं; मनाने एकदा पक्कं ठरवलं की ते खाली ठेवावं आणि चालू लागावं.