महाराजांचा कान, तानूबाईचं तेल

“तेल माझं चोख आहे! किती वेळा सांगू?” तानूबाई तेलीण भर दरबारात कडाडली. पण तिच्यावर विश्वास ठेवायला कुणी म्हणून कुणी तयार नव्हतं.

भैरवराजे महाराजांचा उजवा कान चार दिवस ठणकत होता. राजवैद्य नागोपंतांनी तानूबाईच्या तेलात लसूण कढवून ते कोमट कानात सोडलं. ठणका वाढला. कांद्याचा रस झाला, तुळशीचा रस झाला, ओव्याची धुरी झाली, तव्यावरच्या गरम मिठाच्या पुरचुंडीचा शेक झाला. ठणका वाढतच गेला! मग वैद्यबुवा काय करणार? “माझं औषध शास्त्राप्रमाणे आहे. तेलच खोटं!” म्हणून मोकळे झाले.

“वैद्यबुवा, माझ्या याच तेलाची फोडणी तुमच्या आमटीला रोज चालते ना? पोटात गेलं की गोड आणि कानात गेलं की खोटं?”

“गप!” महाराज ओरडले आणि स्वतःच्याच आवाजानं कान धरून कळवळले. “तेल चोख असेल तर बरा करून दाखव मला! पण कानाला कुणाचं बोट लागता कामा नये. कानात थेंब नाही, धूर नाही, शेक नाही, पोटात काढाही नाही. दुपारच्या आत ठणका थांबला नाही, तर तुझा घाणा फोडून मुदपाकखान्यात जाळीन!”

नवऱ्यामागं त्याच घाण्यावर तानूबाईनं दोन लेकी उजवल्या होत्या. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पदर खोचला, हात पाठीमागं बांधले आणि थेट सिंहासनाशी जाऊन महाराजांच्या कानाजवळ नाक नेलं.

“ए बाई! हे काय?”

“हात लावू नको म्हणालात. हुंगू नको कुठं म्हणालात?”

तिनं हुंगलं. हिना. पुन्हा हुंगलं. मोगरा! आणि त्याच्याखाली दबलेला वाळा. एका कानाला तीन वास? ती गर्रकन अत्तरदाणी धरून उभ्या असलेल्या हरबाकडे वळली.

“हरबा, महाराजांच्या कानात अत्तराचा फाया कोण ठेवतं?”

“मी नुसता कापूस अत्तरात बुडवून हातात देतो, तानूमावशी. ठेवतात महाराज स्वतः.”

“सगळी माणसं कानाच्या वरच्या खळगीत ठेवतात. महाराज कुठं ठेवतात?”

हरबानं मान खाली घातली. “महाराजांना वास कमी वाटतो... म्हणून जरा आत सारतात.”

“आणि आदल्या दिवशीचा फाया?”

“पडत असेल की कुठंतरी!”

“तुला कधी सापडला?”

“नाही बा.”

दरबारात कुजबुज सुरू झाली. नागोपंत टुणकन उठले. “चिमटा आणा!”

“खबरदार!” महाराज गरजले. “बोट नाही आणि चिमटाही नाही! अट म्हणजे अट!”

“राहू दे की तुमची अट,” तानूबाई म्हणाली. “महाराज, लहानपणी नदीत डुंबत होता ना? कानात पाणी गेलं की काय करत होता?”

महाराजांच्या मिशा थरथरल्या. “मी? भर दरबारात? एका पायावर उड्या मारू?”

“नका मारू! बसा ठणकत. माझा घाणा जाळा. तो दोन दिवसांत जळून जाईल, तुमचा कान आहे तिथंच राहील.”

तेवढ्यात कानातून अशी कळ गेली, की महाराजांनी पगडी काढून प्रधानाच्या हातात कोंबली. मान उजवीकडे कलती केली, डावा पाय उचलला आणि उडी मारली! गळ्यातल्या माळा खळखळल्या. प्रधान भिंतीकडे तोंड करून खोकू लागला. तीन उड्या, चार, सहा... आणि सातव्या उडीला कानातून तेलकट गोळा फरशीवर पडला. मागोमाग दुसरा. मग तिसरा!

“चार दिवस तेल मुरलं म्हणून निसटले,” तानूबाई म्हणाली. “कोरडे असते तर नातवाच्या लग्नापर्यंत हलले नसते!”

महाराज तसेच एका पायावर थांबले. “अरे, ठणका गेला! आणि छपरावरचे पारवे घुमताहेत, ते ऐकू येतंय मला!” ते इतके हसले, की त्यांना सिंहासनाचा हात धरावा लागला. “तानूबाई, घाण्यासाठी खिलारी बैलांची जोडी घेऊन जा!”

“बैल नेते. पण गावभर माझ्या तेलाची बदनामी झाली, त्याचं काय? दवंडी पिटा. चूक कुणाची ते नाव घेऊन सांगा!”

नागोपंत खांबाआड सरकले. हरबानं अत्तरदाणी पाठीमागं लपवली. महाराजांनी फरशीवरच्या तीन बोळ्यांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि पुन्हा खो खो हसत दवंडीवाल्याला हाक मारली.

“सांग गावाला! तेल चोख, वैद्य निर्दोष, हरबाही निर्दोष. फाये कानात कोंबणारा गुन्हेगार एकच, भैरवराजे!”