केराबाईनं धरलेली फट

फार फार वर्षांपूर्वी, कोंडसरला रस्ता नव्हता आणि मोकळाईला देऊळ नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. देवीची मूर्तीही नव्हती. होतं ते नुसतं एक कडं. राखेनं, चुन्यानं, काजळानं, ज्यानं जमेल त्यानं गोल काढायचा आणि खाली बोटभर जागा उघडी सोडायची. झाली मोकळाई! अडलेल्या बाईच्या पोटावर ते काढलं की बाळाला वाट सापडे, दचकून उठणाऱ्या पोराच्या कपाळावर काढलं की भीती निघून जाई, असं म्हणतात. जे नको ते फटीतून जातं, एवढाच त्या देवीचा धर्म. इतका सोपा धर्म माणसांना कुठला पुरायला?

म्हणून कड्याची एक गुप्त विद्याही होती आणि ती भगताच्या घरातच राहिली. फट बुजवली की ते बंद कडं. मग बाहेरचं आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. बंद कड्यात नाग अडकून पडे, वैऱ्याची जीभ टाळ्याला चिकटे, असं म्हणतात.

गावात केराबाई नावाची गोंदणारी होती. कोंडसरमधल्या प्रत्येक मनगटावरचं उघडं कडं तिच्या सुईचं. भारी हट्टी बाई. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, ठकू.

एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडे तापाची साथ आली. गाव घाबरलं. सुभानबा भगत काही वाईट माणूस नव्हता, पण तोही घाबरला. त्यानं गावाभोवती नांगर फिरवला, नांगराच्या तासात, म्हणजे त्या चरात, राख आणि चुना भरला, आणि नांगर निघाला होता तिथेच आणून टेकवला. अख्खं गाव बंद कड्यात घेतलं. लोकांचा जीव भांड्यात पडला.

पण कुणीही आधी आत बघितलं नव्हतं. कुणा बाजारकऱ्याच्या अंगावरून ताप आधीच गावात शिरला होता. आता तो कोंडला गेला आणि या घरातून त्या घरात फिरू लागला. ठकूनं अंथरूण धरलं. केराबाईनं तिच्या कपाळावर, पोटावर, तळपायांवर उघडी कडी काढली. ताप अंगातून निघे, तासापर्यंत जाई आणि वाट नाही म्हणून परत येई.

केराबाई भगताच्या दारात उभी राहिली.

"सुभानबा, फट सोडा. आपुनच त्याला कोंडलाय."

"आन् भायेरचा बी आत आला म्हंजे? बाय, बंद कडं जो फोडतो त्याला कडं सोडत न्हाय. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय."

"मंग लेकीपाशी बस. तिला आय लागंल."

"आदी ती ऱ्हाऊ दे. मंग तिला काय लागंल ते बगू."

ती सुया घेऊन निघाली. तोवर ते तास दगडाचं झालं होतं, असं म्हणतात. गोंदायच्या सुईनं दगड फुटतो का? नाही फुटत. तिलाही ते ठाऊक होतं. तरी ती खाली बसली आणि मनगटावर टोचावं तशी टोचू लागली. एक सुई मोडली की दुसरी. सुया संपल्यावर नखं. लोक आधी ओरडायला जमले, मग नुसते बघत राहिले. भगतानं तिला थांबवायला हात पुढे केला आणि तिची बोटं पाहून मागे घेतला.

सूर्य टेकला तेव्हा दगडात बोटभर फट पडली. घराघरातून गरम वारा उठला आणि फटीकडे धावला. पण बंद कड्याची विद्या मोठी चिवट. दोन्ही टोकं पुन्हा एकमेकांकडे सरकू लागली. तेव्हा केराबाई त्या फटीतच बसली. दोन्ही हात दोन्ही टोकांना लावले आणि ताप तिच्या अंगावरून निघून गेला.

सकाळी ठकूनं पेज मागितली. फटीत मात्र कुणीच नव्हतं. माणूस बसेल एवढी जागा तेवढी राहिली होती. केराबाई तिथेच आहे, फट धरून आहे, असं म्हणतात. बाहेरचा ताप? तो आत आलाच नाही. तिच्यासमोरून जायची त्याची छाती झाली नसणार.

ठकू मोठी झाली आणि एके दिवशी पेजेचं भांडं चुलीवर झाकून त्या जागेत जाऊन बसली. म्हातारा सुभानबा म्हणाला, "पोरी, कडं तिला सोडायचं न्हाय."

"तिच्या जागी म्या बसल्यावर कडं तिला कशाला धरंल?" ठकू म्हणाली, आणि दोन्ही हात टोकांना लावले. "आये, आता म्या धरते. तू घरला जाऊन ये. पेज ऊन हाय."

ठकूही आता नाही. पण कोंडसरमध्ये दर वर्षी त्या दिवशी घराघरात पेज शिजते, दारं सताड उघडी ठेवतात, आणि गावातली एक लेक फटीत बसून तेच बोलते. दिवस मावळला की उठायचं असतं. पण कुणीच वेळेवर उठत नाही. आई इतक्या दिवसांनी घरी गेलीय, बसू दे की तिला जरा वेळ!