रवळूने रिकामं भरलं

कोकणात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा भाचा होता. नाव रवळू. अंगाने दणकट, कामाला वाघ. सांगाल ते करायचा. पण जे सांगाल तेच करायचा.

तो धाकूमामाकडे राहायचा. मामाचा रताळ्यांचा मळा रानाला लागून होता आणि रानडुकरं दर साल मळा उकरून खायची. मामाकडे परवान्याची बंदूक होती. पण दुकानातली काडतुसं महाग. तेव्हा मामाने ठरवलं, उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या साठवून ठेवल्या आहेत, त्याच घरी भरायच्या. सामानही जमेल तेवढं जुनंपानं घ्यायचं.

आधी हवं होतं बाकडं. मामा म्हणाला, "रवळू, सुताराकडे एक जुनं बाकडं आहे. बघून घे आणि ये घेऊन. पण हलता कामा नये हां. भरताना हात हलला की घोटाळा."

रवळू गेला आणि हात हलवत परत आला.

"बाकडं कुठाय?"

"सुताराकडे. चांगलं गच्च आहे. पण मी उचलायला गेलो तर हललं. मग ठेवलं परत."

मामाने कपाळावर हात मारला. "अरे, डोक्यावर घेऊन यायचं. घरी आणलं की चार खिळे मारायचे. मग हलत नाही."

"असं होय," रवळू म्हणाला. "आता तसंच करतो."

बाकडं मामाने स्वतःच आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने रवळूला सोनाराकडे पाठवलं. सोनाराचा जुना तराजू स्वस्तात मिळणार होता. बंदुकीची दारू तोलून भरावी लागते. रवळूने तराजू डोक्यावर आणला, बाकड्यावर ठेवला आणि दोन्ही पारड्यांना चार चार खिळे मारले.

मामा मापं घेऊन आला. एका पारड्यात माप टाकलं. पारडं ढिम्म.

"आता हलत नाही, मामा," रवळू म्हणाला.

"अरे शहाण्या, तराजू हलायलाच हवा. तो टांगायचा. मोकळा डोलू द्यायचा."

"असं होय. आता तसंच करतो."

मग रवळू छर्रे आणायला बाजारात गेला. छर्रे म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्या. त्याने ते विरविरीत झोळीत घातले, झोळी काठीला टांगली आणि मोकळी डोलू दिली. घरी पोचला तेव्हा झोळीत काहीच नव्हतं. वाटेवर कोंबड्या टोचून बघत होत्या.

मामी म्हणाली, "तुमच्या बहिणीचं लेकरू. तुम्हीच निस्तरा."

मामाने आवाज चढवला नाही. "रवळू, बारीक वस्तू जपून घ्यायची. कमी घेतली तरी चालेल, पण सांडायची नाही."

"असं होय. आता तसंच करतो."

मामाने वाटेवरचे छर्रे वेचले, सगळं बाकड्यावर मांडलं, दारूचं माप दाखवलं आणि रवळूला भरायला बसवलं. संध्याकाळी काडतुसं तयार. मामा मळ्यात गेला. एक लठ्ठ डुक्कर रताळी उकरत होतं. मामाने नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

डुकराने वर बघितलं आणि पुन्हा रताळ्यात तोंड घातलं. मामाने दुसरं काडतूस घातलं. टक्. तिसरंही तसंच.

"रवळ्या, यात दारू किती घातलीस?"

"कमी चालेल म्हणालात ना? मी घातलीच नाही. कणभरही सांडली नाही, मामा."

मामा तिथेच बांधावर बसला. म्हणाला, "बाबा रे, रिकामं ठेवून कसं चालेल? रिकामं दिसलं की भरायचं. एवढं एक लक्षात ठेव."

"असं होय," रवळू म्हणाला. "आता तसंच करतो."

पण आता मामा त्याला बाकड्याजवळ फिरकू देईना. तेवढ्यात मामीच्या भाचीचं लग्न निघालं. दोघं लग्नाला निघाली. जाताना मामाने रवळूला फक्त मळ्याकडे आणि घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं. यात काय बिघडणार?

लग्न आटोपून आली तर मळा मोकळा. सगळीकडे खड्डे. रवळू बांधावर घाम पुसत उभा होता.

"रताळी कुठं गेली?"

"डुकरांनी खाल्ली. खड्डे रिकामे दिसले, म्हणून मी भरले. घरातली रताळी आणून घातली. तीही खाल्ली. मग कोठीतलं भात आणून घातलं. रोज येतात हो. आता तर मला ओळखतात."

मामी मटकन खाली बसली. मामाने विचारलं, "सगळं भात? म्हणजे कोठी रिकामी?"

"रिकामी कशी ठेवीन, मामा? ती पण भरली."

मामाचा जीव भांड्यात पडला. तो धावत घरी गेला आणि कोठीचं दार उघडलं. आत, गोणपाटांवर, एक डुकरीण पिलांना पाजत पडली होती. तिच्या मागे भिंतीपर्यंत डुकरंच डुकरं. सगळ्यांनी माना वळवून मामाकडे बघितलं.

मागून रवळू म्हणाला, "एवढीच मावली, मामा. उरलेली माजघरात आहेत."