मोठी करवत

वादळ निघून गेलं होतं आणि वारा म्हणून उरला नव्हता. पान हलत नव्हतं. ऊन असं कडक पडलं होतं, जणू मध्ये काही घडलंच नाही. फक्त फाटलेल्या पानांचा कच्चा वास सगळ्या वाडीवर बसून होता.

“मग लहानच घेऊ ना, वस्ताद?” भिवाने विचारलं.

इब्राहिम वस्ताद पडवीत काथ्याचा सुंभ वळत बसले होते. वाडीत झाडं उतरवणारी जी जुनी माणसं होती, ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. भिवा राऊळ त्यातला एक. आता त्याचेही केस पिकले होते, पण वस्तादांसमोर तो अजून खालच्या पायरीवरच बसायचा.

प्रश्न पेट्रोलवरच्या करवतीचा होता.

भिवाच्या कुंपणातला जुना रायवळ आंबा वादळात मुळातून हलला होता आणि शेजारच्या सोनू धुरीच्या घरावर कलून उभा होता. सोनूने माणसं बाहेर काढली, चूल अंगणात मांडली. पुन्हा वारा सुटायच्या आत झाड उतरवायला हवं होतं. कुऱ्हाड चालायची नाही. घावाने झाड हादरलं तर घरावरच जायचं.

“दुकानात दोन दाखवल्या,” भिवा सांगत होता. “एक लहान, काखेत मारून न्यावी अशी. दुसरीचं पातं माझ्या कमरेला लागेल एवढं. उचलली तर वाटलं, खांदा निखळतो. आणि असलं झाड वर्षा-दोन वर्षांतून एखादं. तेवढ्यासाठी एवढं ओझं कशाला?”

“लहानीने हा आंबा कापेल?”

“दोन्ही अंगांनी फिरून कापायचा. वेळ लागेल, पण कापेल.”

“आणि मोठीने?”

“एका बाजूने आरपार. पण ती एकट्याने न्यायची नाही. पेट्रोलचा डबा, पाचरी, दोर… बरोबर माणूस लागतो. लहान घेऊन मी पहाटेच जाईन. कुणाला उठवायला नको.”

वस्ताद सुंभ वळत राहिले.

“दुकानदार काय म्हणाला?”

“म्हणाला, आजोबा, चालवणार कोण? म्हटलं, तुझा बाप.”

वस्ताद बोळक्या तोंडाने हसले. मग मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

भिवाने मान डोलावली. हल्ली तो मान डोलवायचा. बाजारात, लग्नात, देवळात. मान डोलावली की माणसं पुढे जातात.

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी प्रश्न विचारला होता. मान डोलवून उत्तर देण्यासारखा तो नव्हता.

“भिवा,” ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. “झाड जाण्याआधी काय करतं?”

“बोलतं.” हे भिवाला झोपेतही आलं असतं. “आत कड् करतं, एकदाच. ते ऐकलं की हत्यार टाकायचं नि पळायचं. तुम्हीच शिकवलंत.”

“हं. जरा अंगणाच्या टोकाला जाऊन बघ बरं, तुझा आंबा इथून दिसतो का.”

भिवा उठला. टोकाला जाऊन डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. खाली वाडी दिसत होती आणि तिच्यात एकच शेंडा वाकडा.

तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यावर झोपलेलं मांजर टुणकन उठलं आणि पळालं. माती उकरणाऱ्या कोंबड्या चारी दिशांना उधळल्या.

साप निघाला की काय, म्हणून भिवाने मागे वळून पाहिलं.

साप नव्हता. वस्ताद पडवीत होते तिथेच बसले होते. त्यांच्या हातात काजूच्या वाळलेल्या फांदीचे दोन तुकडे होते. मनगटाएवढी फांदी, नुकतीच गुडघ्यावर मोडलेली.

भिवा त्या तुकड्यांकडे पाहत राहिला…

मग येऊन पायरीवर बसला.

“कधीपासून, ते विचारू नका,” तो म्हणाला.

“विचारलं का मी?”

“घरात ती ओळखून आहे. बाहेर कुणाला ठाऊक नाही. झाडं उतरवणारा बहिरा झाला म्हटलं की संपलं, वस्ताद. मग मला कोण बोलावणार?”

वस्तादांनी दोन्ही तुकडे सरपणात टाकले. हात झटकले.

“मशीन एकदा सुरू झाली,” ते सावकाश, त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, “की चालवणाऱ्याला काय ऐकू येतं? तरणा असो नाहीतर म्हातारा.”

भिवाने सरपणातल्या तुकड्यांकडे पाहिलं.

“मोठीच घे.”

“मोठी? अहो, उचलवत नाही म्हणतोय मी…”

“म्हणून तर. लहान घेतलीस तर एकटा जाशील.”

आणि त्यांनी पुन्हा सुंभ हातात घेतला.

त्या वाडीत घरं लांब लांब. निरोप द्यायला कुणी चालत जात नाही. कुंपणाशी उभं राहून कुकारा घालायचा, पलीकडच्याने उलट कुकारा द्यायचा. न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

वादळ आलं त्या संध्याकाळी सोनू असाच कुंपणाशी उभा राहून ओरडत होता की झाड हललंय. भिवा समोर ओटीवर बसलेला. बसूनच राहिला. बायकोने नंतर सांगितलं तेव्हा त्याला कळलं. पण तो गेला नाही. माजलेला म्हणवून घेणं परवडलं, बहिरा नको. तेव्हापासून सोनूने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

भिवाने मोठी करवत आणली. टमटमवाल्याने आणि त्याने धरून ती कुंपणाशी ठेवली. टमटम गेली.

सोनू अंगणातल्या चुलीपाशी होता. भिवा कुंपणातल्या फटीतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“सोनू. त्या दिवशी तू कुकारा घातलास.”

“घातला! घसा फुटेस्तोवर घातला.” सोनू एवढ्या मोठ्याने बोलला की भिवाला ऐकू आलं.

“मला नाही आला ऐकू.”

“समोर बसला होतास, भिवाभाऊ. माझ्याकडे तोंड करून.”

“हो. तरी नाही आला. आत्ता तू बोलतोस, त्यातलंही अर्धं तुझ्या ओठांवरून कळतंय.”

सोनूने त्याच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे. मग कुंपणाशी पडलेल्या करवतीकडे.

आणि तो घरामागे निघून गेला.

भिवा परतला. दोर शेंड्याकडे चढवून घराच्या उलट बाजूच्या फणसाला ताणून बांधला. करवत ओढत, थांबत, ओढत बुंध्याशी नेली. पाचरी मांडल्या. बुंध्यावर तळहात टेकला. वस्तादांनी लावलेली ही सवय, हत्याराआधी हात.

पाठीत काहीतरी टोचलं.

वळून पाहिलं तर घळ. आंबे उतरवायचा तो लांब बांबू. त्याच्या पार दुसऱ्या टोकाला सोनू उभा होता, एक कान झाडाकडे करून.

सोनूने बांबू खाली ठेवला. जवळ आला. भिवाच्या अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द ओठांवर दिसेल असा म्हणाला,

“बांबू पाठीवरून निघाला की पळायचं. पाठीला आहे तोवर मी आहे. काप.”