चव्वेचाळीस खंडी वारा

शंभर खंडी चुनखडी भट्टीत गेली आणि चुना निघाला छप्पन्न खंडी!

कुंभेरीच्या महाराजांचा पारा चढला. चुनाभट्टीवाल्या धोंडजीला मुसक्या बांधून दरबारात आणलं.

“महाराज, याने सरकारला चक्क चुना लावला!” दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले. “चव्वेचाळीस खंडी चोरी! हात तोडा याचा!”

“हो हो, तोडा!” सगळा दरबार माना डोलवू लागला.

धोंडजीची लेक बकुळा बापामागोमाग धावत आली होती. ती थेट महाराजांसमोर उभी राहिली.

“सरकार, भट्टीवर पहारा तुमचाच होता. चव्वेचाळीस खंडी माल कनवटीला लावून कुणी नेतं का? दगडात वारा कोंडलेला असतो. आच लागली की तो निसटतो. त्याचंच ते वजन.”

“वाऱ्याला वजन?” महाराज गरजले. “मग पकडून आण तुझा वारा आणि तोलून दे! चाळीस दिवस देतो. नाहीतर बापाचा हात गेलाच म्हणून समज!”

बकुळाने क्षणभर विचार केला. “चव्वेचाळीस खंडी पकडायला वाडा पुरणार नाही. चव्वेचाळीस तोळे पकडून दाखवते. मात्र सापळा इथे दरबारात लावणार.”

“इथेच का?”

“इथे वारा फार सुटतो, सरकार!”

महाराजांनी मिशीतलं हसू दाबलं.

त्यांच्या डोळ्यांदेखत शंभर तोळे चुनखडी भाजली. चुना भरला छप्पन्न तोळे. बकुळाने त्यावर पाणी शिंपडलं. खडे फसफसले, फुटले, त्यांची भुकटी झाली. ती तिने परातींत पातळ पसरली आणि एकेक परात एकेका मानकऱ्यापुढे ठेवली.

“हे काय?” दिवाणजी खेकसले.

“भट्टीतून पळालेला वारा आपल्या श्वासातूनही निघतो, पंत. चुना दिसला की तो परत त्यातच शिरतो. बघा हवं तर!”

तिने चुन्याची स्वच्छ निवळी वाटीत घेतली, बोरूची नळी दिली. दिवाणजींनी गाल फुगवून फुंकर घातली. निवळी दुधासारखी झाली!

“अगं बाई!” बकुळा म्हणाली. “पंतांच्या तोंडून इतकं पांढरंशुभ्र काहीतरी पहिल्यांदाच बाहेर पडलं!”

त्या दिवसापासून दरबाराचं कामकाज परातींसमोर चाललं. बकुळा रोज येऊन भुकटी उलथायची, पाण्याचा हबका मारायची आणि जाताना कोठडीच्या गजांतून बापाला भाकर द्यायची. भाट स्तुती गाऊ लागला की ती परात त्याच्या पुढ्यात सरकवायची. “थांबू नका, काका! तुमच्या कवनाला पहिल्यांदाच वजन येतंय!”

भाट चिडे. महाराज मात्र आता दरबाराला वेळेवर येऊ लागले होते.

चाळिसाव्या दिवशी धोंडजीला पुन्हा मुसक्या बांधून दरबारात आणलं आणि तराजू आला. रात्रभर बकुळाचा डोळा लागला नव्हता.

“तू पाणी घातलंस, त्याचं वजन भरेल!” दिवाणजींनी हरकत घेतली.

“मग तव्यावर परता, पंत. थेंब राहू देऊ नका.”

दिवाणजींनी घाम गाळत स्वतः भुकटी परतली. ओलावा गेला, भुकटी खडखडीत झाली. सराफाने तोलली. छप्पन्न तोळ्यांची झाली होती नव्याण्णव!

सगळा दरबार पुन्हा माना डोलवू लागला.

दिवाणजींनी मात्र उडी मारली. “एक तोळा कमी! शंभर कुठे भरले? चोरच हे! महाराज, विचारा तिला, एक तोळा वारा गेला कुठे?”

महाराजांनी बकुळाकडे पाहिलं. तिने हात जोडले.

“गुन्हा कबूल, सरकार. पण माझा काय इलाज? मधले चार दिवस दिवाणजी सासुरवाडीला गेले होते!”

महाराज असे खदखदून हसले की डोक्यावरचा मंदील मांडीवर आला. डोळे पुसत त्यांनी धोंडजीच्या मुसक्या सोडायला लावल्या आणि गडाच्या साऱ्या चुन्याचं काम त्याला दिलं.

“आणि पोरीला घरी पोचवा!” ते म्हणाले. “दिवाणजींच्या पालखीतून. पंत चालतील मागून. त्यांच्याजवळ वारा भरपूर आहे!”