लाभाचा दाणा

फार मागं, शेतांना बांध पडायच्याही आधी, एका खळ्यावर ज्वारीची रास तशीच राहून गेली. तिच्यात किती दाणे होते, त्या आकड्याला तेव्हा नावच नव्हतं. एका अंगाला काळ्या मुंग्या राहायच्या, दुसऱ्या अंगाला तांबड्या. ठरलं असं, की एक दाणा तुम्हाला, एक आम्हाला. रास समसमान वाटली गेली तर शेजार, नाहीतर लढाई. वाटायला बसली काळ्यांची म्हातारी गोदी. तिची अंडी अजून फुटायची होती.

रास ओसरत गेली आणि शेवटी मधोमध एकच दाणा उरला.

"आमचा," असं म्हणून तांबड्यांच्या झुंजाबाईनं जबडा उघडला. काळ्याही पुढं सरकल्या.

गोदी मधे आली. "बाई, डोंगराएवढी रास, अन् एका दाण्यापायी मरायचं?"

"डोंगर विषम झाला तो एका दाण्यानंच ना, म्हातारे? मग त्याला हलकं कशाला म्हणतेस?"

गोदीला आठवलं. धान्य मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तिनंही रीतीप्रमाणं 'लाभ' म्हणून पहिला दाणा कपाळाला लावला होता आणि खळ्यातल्या खुंटापाशी बाजूला ठेवला होता. वाटणी धरली होती ती दोनपासून.

"लाभ हाही दाणाच की गं," ती हळूच म्हणाली.

झुंजाबाईनं खुंटापाशी पाहिलं. दाणा तिथंच होता. तिनं जबडा मिटला. "मग लाभ तू ने. अंडी आहेत तुझी. हा उरलेला आमचा."

तेव्हापासून वाटेत दोन मुंग्या भेटल्या, की डोक्याला डोकं लावून विचारतात, "लाभ धरलास ना, बाई?"