वीस फुंकरांचा चेंडू

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेकडे, डोंगरांच्या बेचक्यात, ब्रॅकनहोप नावाचं एक लहानसं गाव आहे. गावाला वळसा घालून नदी जाते. काठाला लोकरीची जुनी गिरणी, आणि गिरणीच्या पाठीमागे रग्बीचं मैदान. मैदान तसं साधंच, एका अंगाला उतरतं. पण नोव्हेंबरात जिथे दक्षिण जिल्ह्याचा सामना होतो ते हेच मैदान, आणि त्या दिवशी बाहेरगावची माणसं खेळापेक्षा खेळाच्या आधीचं बघायला येतात.

आधी होतं ते असं. चामड्याचा लांबट चेंडू, पण रिकामा, जुन्या मोज्यासारखा लोंबणारा, मैदानाच्या मधोमध आणतात. त्याच्या तोंडात मातीची नळी खोवलेली असते. ती नळी एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाते. प्रत्येकानं एकच फुंकर घालायची. अशा मोजून वीस. संघात खेळाडू पंधरा, मग फुंकरा वीस कशा, हे पाहुणे विचारतातच.

मैदानाची राखण करणारे वॉटी आजोबा मग मैदानाभोवतीच्या भिंतीला टेकून बसतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि सांगायला लागतात. आपल्या आधीच्या राखणदाराकडून त्यांनी हे ऐकलं. त्यानं त्याच्या आधीच्याकडून.

दीडशे वर्षं झाली म्हणे. तेव्हा एकेका बाजूला वीस-वीस गडी खेळत. हातात शिट्टी घेतलेला पंच नव्हता, तंटा झाला तर दोन्ही कप्तान आपसांत मिटवत. समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला तरी त्याचा गुण मिळत नसे, नुसता चेंडूला लाथ मारण्याचा हक्क मिळे. त्या लाथेनं चेंडू दोन खांबांमधल्या आडव्या दांडीवरून गेला तर गोल, आणि जिंकणं-हरणं सगळं गोलावर.

गावात गिडियन ट्रॉटर नावाचा चांभार होता. बुटांबरोबर तो चेंडूही शिवायचा, आणि त्याच चेंडूनं खेळायचाही. खांदे दारात मावत नसत, असं सांगतात. त्याची बायको एल्स्पेथ. दोघांना पाच महिन्यांची मुलगी होती, मेसी.

चेंडूच्या आत तेव्हा रबर नव्हतं. डुकराच्या मूत्राशयाची पिशवी असे, तिला ते लोक फुगा म्हणत. फुगा ओला असतानाच चामड्यात घालावा लागे, वाळला की तडकायचा. म्हणून साठवण नाही, सामन्याच्या दिवशी सकाळी भरायचा. चिलमीची दांडी, म्हणजे मातीची नळी, फुग्यात खोवून तोंडानं फुंकायचं, तीस-पस्तीस फुंकरा, आणि श्वास घेताना चुकून मागे ओढला गेला तर आतली सगळी घाण छातीत. हे काम चांभाराच्या बायकोचं. आधी गिडियनची आई करायची. तिच्यामागे एल्स्पेथकडे आलं. पुरुष चामडं शिवतो, बाई वारा भरते, असंच चालत आलेलं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मोडलंही नव्हतं.

त्या वर्षी मोसम सुरू झाला आणि एल्स्पेथला खोकला लागला. खोकल्याचं तिला फार वाटलं नाही. पण एका शनिवारी चेंडू भरून झाल्यावर तिनं मेसीला पाजायला घेतलं, तर पोरीनं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. संध्याकाळपर्यंत प्याली नाही. एल्स्पेथनं तोंड धुतलं, मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, कपडे बदलले, काही उपयोग झाला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

तेव्हापासून बाईच्या जिवाला घोर लागला. पोर झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून ती बसून राही. एल्स्पेथच्या खोकल्याला मेसी दचकली तरी तिला वाटे, लागलं, हिलाही लागलं. सासू कशानं गेली हे तिला ठाऊक होतं. अंथरुणाजवळ तीच बसली होती. शेवटी शेवटी सासूला एक वाक्य एका श्वासात बोलता येत नव्हतं.

अखेर पाळण्याच्या काठावर हात ठेवून तिनं शपथ घेतली, ही पोर अंगावर पिते आहे तोवर ह्या तोंडानं एकही फुगा भरणार नाही.

गिडियनला सांगितलं तेव्हा त्यानं हातातली आरी खाली ठेवली.

"एल्सी, शहरवाल्यांचा सामना आठ दिवसांवर आलाय."

"ठाऊक आहे."

"देशाचा संघ निवडणारे येणार आहेत. भिंतीपाशी उभे राहून बघणार. माझं नाव त्यांच्यापर्यंत गेलंय म्हणे."

"तुझं नाव जाऊ दे कुठंही. मी गेले तर हिला पाजणार कोण? तू?"

माणूस वाईट नव्हता. त्यानं आपल्या परीनं तोड काढली, तोंडानं होतं ते भात्यानं का होणार नाही? सामन्याच्या आदल्या दिवशी खाटकाकडून दोन फुगे आणले. त्यातला मोठा, चांगला फुगा घेऊन लोहाराच्या भट्टीवर गेला आणि भाता लावला. लोखंड तापवणारा भाता तो. दुसऱ्याच दाबाला असा आवाज झाला की लोहाराचा घोडा दावं तोडून पळाला. गिडियन घरी आला तो दाढीत फुग्याच्या चिंध्या घेऊन. आता एकच फुगा उरला, तोही लहान.

सामन्याच्या दिवशी अकराच्या गाडीनं शहरवाले उतरले. यजमानांनी चेंडू द्यायचा, दोन वाजेपर्यंत दिला नाही तर सामना गमावला, असा करार. बाराला गावभर झालं की ट्रॉटरीण फुगा भरत नाही. साडेबाराला दारात माणसं जमली. पुढे गिरणीमालकाचा मुलगा ऍडम किनियर, तोच संघाचा कप्तान. अर्धं गाव त्याच्या गिरणीत कामाला, त्याच्यापुढे कुणी मान वर करत नसे. त्याच्या शेजारी गिडियनची आत्या, फीमी, दोन्ही हात कमरेवर.

किनियर टोपी न काढताच म्हणाला, "ट्रॉटरबाई, वीस गडी तुमच्यासाठी खोळंबलेत. दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांचंच आहे, धाकटे मालक. मग तुम्हीच करा."

मागून कुणीतरी हसलं. फीमी आत्या कडाडली, "बघा, बघा जीभ! माझ्या वहिनीनं शंभरावर चेंडू भरले. कधी हूं की चूं केलं नाही."

"हो आत्याबाई. आणि एक्केचाळिसाव्या वर्षी गेल्या."

"ती गेली थंडीनं!"

"थंडी काय फक्त चांभाराच्याच घरात शिरते?"

गिडियन खाली मान घालून बसला होता. एल्स्पेथ त्याच्याकडे बघत होती. ह्यानं आता 'भर' म्हटलं तर काय करायचं, एवढंच तिच्या मनात होतं. नवऱ्याचं आख्खं नशीब त्या एका सामन्यावर आलेलं, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. त्यानं 'भर' म्हटलं नाही. 'नको भरू' असंही म्हटलं नाही.

तेव्हा ती उठली. मेसीला शालीत गुंडाळून पाठीशी बांधलं, चामड्याचं कवच, फुगा, नळी, तोंड बांधायची वादी, सगळं टोपलीत घातलं आणि माणसांमधून वाट काढत सरळ मैदानात गेली. सगळी वरात तिच्यामागे. मधोमध जाऊन ती गुडघ्यांवर बसली, कवचात फुगा बसवला, नळी खोवली, आणि तिच्या टोकावर अंगठा दाबून वर बघितलं.

"तुम्ही वीस जण आहात," ती म्हणाली. "छात्या माझ्या दुप्पट. एकेकानं एकेक फुंकर घाला. अंगठा मी धरते, वादी मी बांधते. फुंकणार नाही."

भिंतीवर बसलेल्या शहरवाल्यांत हशा पिकला. "अरे, दक्षिणवाले आज तोंडानं खेळणार!" एकजण ओरडला. "नळीबरोबर दुधाची बाटलीही आणा!"

आपले गडीही मागे सरले. बायकांचं काम, आणि ते एवढ्या माणसांसमोर. मग गिडियन पुढे आला. चिखलात गुडघे टेकले, नळी तोंडात धरली आणि फुंकली. श्वास घेताना मागचा वारा त्याच्या घशात गेला. एवढा मोठा माणूस, बाजूला होऊन भडाभडा ओकला. हशा वाढला. तोंड पुसून तो पुन्हा नळीकडे वाकला, तर तिनं अंगठा काढला नाही.

"एकच," ती हळूच म्हणाली. "तुझी झाली."

त्यानंतर एकेक जण आला. विणकर, मेंढपाळ, लोहार, शाळामास्तर. कुणी डोळे मिटून, कुणी शिव्या घालून. सर्वांत शेवटी किनियर. त्यानं नळी रुमालानं पुसली, फुंकर घातली, आणि ताठ चालत भिंतीपलीकडे गेला. तिथं काय झालं ते सगळ्यांना ऐकू आलं.

पण वीस तोंडांतून भरलेला वारा एका तोंडाच्या वाऱ्यासारखा बसत नाही. प्रत्येक वेळी अंगठा उचलताना थोडा निसटतोच. एल्स्पेथनं वादी जीव लावून आवळली, तरी चेंडू मऊच राहिला. हे तिला हाताला कळलं होतं.

सामना झाला. शहरवाल्यांनी पहिल्या भागात एक गोल केला. मग अगदी शेवटी, नदीकडच्या कोपऱ्यात, सात-आठ जणांना अंगावर घेऊन गिडियननं रेषेपलीकडे चेंडू टेकवला. भिंतीपाशी उभ्या असलेल्या निवडणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, असं सांगतात. लाथ मारायची होती किनियरला. दांडीवरून गेला की बरोबरी. लाथेसाठी गिडियन जमिनीवर पालथा पडून चेंडू धरून राहिला. किनियरनं लाथ मारली. सरळ गेली. पण मऊ चेंडू तो, वर उठलाच नाही. दांडीच्या वीतभर खालून गेला.

ब्रॅकनहोप हरलं. देशाच्या संघाची यादी आली, त्यात गिडियनचं नाव नव्हतं.

पुढचे आठ दिवस एल्स्पेथशी कुणी बोललं नाही. पाणवठ्यावर ती गेली की बायका बादल्या उचलून बाजूला होत. 'एका श्वासाची कंजुषी' असं लोक म्हणत, तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानं. घरात गिडियनही गप्प. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं ताट सरकवलं आणि म्हणाला, "चव जात नाही गं तोंडातली." एवढंच. मेसी मात्र पोटभर पीत होती. बाकी काही असो, एल्स्पेथ ते बघून झोपत होती.

पुढच्या रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडत होते. फीमी आत्या पायऱ्यांवरच सुरू झाली, ह्या बाईनं एक श्वास दिला असता तर आज आपला गिडियन कुठल्या कुठे असता. लोक माना हलवत होते. मागून किनियर आला. ह्या वेळी टोपी त्याच्या हातात होती.

"आत्याबाई," तो म्हणाला, "मी एक फुंकर घातली. तीन दिवस माझ्या पोटात अन्न ठरलं नाही. गिडियन, एका चेंडूला किती लागतात?"

"तीस. पस्तीस."

"आणि मोसमात चेंडू किती?"

गिडियन बायकोकडे बघत होता. भोवतालचे विणकर, मेंढपाळ, लोहार सगळे खाली बघत होते. त्यांनाही ती चव आठवत होती.

"लाथ मी मारली, चुकलो मी," किनियर म्हणाला. "ह्यापुढे माझ्या संघाचा चेंडू संघ भरेल. पहिली फुंकर कप्तानाची."

माणसं पांगली. फीमी आत्या तिथंच उभी राहिली. पार उतरलेल्या आवाजात ती म्हणाली, "वहिनी कधी बोलली नाही गं मला. एकदा तरी बोलायचं."

"तुम्ही कधी विचारलं होतं, आत्याबाई?" एल्स्पेथ म्हणाली, आणि पोरीला सावरत घरी गेली.

गिडियन देशाकडून कधीच खेळला नाही. एल्स्पेथचा खोकला वसंतात गेला असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, तो जन्मभर राहिला, पण ती म्हातारी होऊनच गेली, आणि मेसीची मुलंबाळं बघून गेली. पुढे खेळाचा नियम बदलला, विसाचे पंधरा गडी झाले. तेव्हा रग्बी मंडळानं ठरवलं, आता फुंकरा पंधराच. गाव ऐकेना. वीस ठरल्यात, वीसच होणार. उरलेल्या पाच बघायला आलेल्यांनी घालायच्या.

आजही तसंच चालतं. आता चेंडूत रबराची पिशवी असते, घाण वास येत नाही, आणि त्या चेंडूनं फक्त पहिली लाथ मारतात. कप्तानापासून पंधरा झाले की वॉटी आजोबा नळीच्या टोकावर अंगठा दाबून पाहुण्यांच्या रांगेपाशी येतात. गेल्या खेपेला चार जणांनी हसत हसत फुंकर घातली. पाचवी एक तरुण बाई होती, कडेवर तान्हं बाळ. तिनंही हौसेनं नळीकडे हात केला.

आजोबांनी चेंडू मागे घेतला.

"तुम्ही नाही, बाई," ते म्हणाले, आणि नळी तिच्या नवऱ्यापुढे धरली.